‘किती तास?’ या रकान्याचं काय करायचं: पालकांच्या घडीपत्रकाच्या नोंदी

प्रकल्प: आठ वर्षांपर्यंतच्या मुलांच्या पालकांसाठी स्क्रीनबद्दलचं घडीपत्रक. ए-फोर कागद, दोन घड्या, सहा पानं. लसीकरणाच्या रांगेत आणि बालवाडीच्या पालकसभेत वाटलं जाणार. मजकूर माझ्याकडे, चित्रं आणि मांडणी दोघा सहकाऱ्यांकडे, तपासणी बालरोगतज्ज्ञ डॉक्टरांकडे. काय घेतलं, काय टाकलं आणि का, एवढंच इथे लिहून ठेवायचं, म्हणजे पुढची आवृत्ती करणाऱ्याला पुन्हा श्रीगणेशा करायला नको.

२ जून

जुनं पत्रक समोर ठेवून बसलो. ‘मोबाइलचे दुष्परिणाम’ या मथळ्याखाली लांबलचक यादी: डोळे, मेंदू, मान, लठ्ठपणा, चिडचिड, अभ्यास. प्रत्येक ओळीपुढे उद्गारचिन्ह. कोपऱ्यात मोबाइलमधून बाहेर येणारा राक्षस. हे वाचून कुठल्या घरात काही बदललं असेल असं वाटत नाही. घाबरलेला पालक दोन दिवस मोबाइल कपाटात ठेवतो, तिसऱ्या दिवशी पोरानं भोकाड पसरलं की काढून देतो आणि वर स्वतःलाच बोल लावत बसतो. राक्षस रद्द. या वयोगटाच्या पत्रकात ‘व्यसन’ हा शब्दही रद्द.

डॉक्टरांची अट एकच: “ज्याला आधार आहे तेवढंच लिहा, आणि ते उद्या सकाळी घरात करता आलं पाहिजे.”

मांडणीवाल्याला पहिल्या पानावर मोठं घड्याळ हवंय, आत ‘किती तास?’ असा रकाना. तूर्त राहू दे म्हटलं.

५ जून

निरनिराळ्या संस्था काय सांगतात ते एकत्र केलं.

जागतिक आरोग्य संघटना, २०१९: दोन वर्षांखाली बसून स्क्रीन बघणं नको. दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त एक तास, त्याहून कमी असेल तर उत्तम.

अमेरिकेतली बालरोगतज्ज्ञांची अकादमी: १९९९ मध्ये दोन वर्षांखाली टीव्ही नकोच म्हणाली. २०१६ मध्ये १८ महिन्यांखाली व्हिडिओ कॉलला सूट दिली, दोन ते पाच वर्षांना एक तास ठेवला, आणि मोठ्या मुलांसाठीचा दोन तासांचा सरसकट आकडा काढून घेतला. त्याऐवजी प्रत्येक घरानं आपला आराखडा करावा, असं सांगितलं.

ब्रिटनमधलं बालरोगतज्ज्ञांचं रॉयल कॉलेज, २०१९: आकडाच दिला नाही. चार प्रश्न दिले. घरातल्या स्क्रीनवर तुमचा ताबा आहे का? घराला जे करायचंय त्याच्या आड स्क्रीन येते का? झोपेच्या आड येते का? बघताना होणारं अरबट-चरबट खाणं आवरता येतं का?

वरवर वाचलं तर एकाचं बोलणं दुसऱ्याला छेद देतंय असं वाटतं. पण जागतिक आरोग्य संघटनेचा कागद नीट वाचला तर तो मुळात स्क्रीनबद्दल नाहीच. तो पाच वर्षांखालच्या मुलांच्या २४ तासांबद्दल आहे: झोप, हालचाल, बसणं. तीन-चार वर्षांच्या मुलाला १० ते १३ तास झोप हवी आणि दिवसभरात मिळून किमान तीन तास हालचाल. स्क्रीन तिथे ‘बसून घालवलेला वेळ’ या खात्यात येते. शिवाय हातातल्या पुराव्याची प्रत अतिशय कमी आहे, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. म्हणजे एका तासाच्या पलीकडे मेंदूत काही फुटतं असा त्याचा अर्थ नाही. दिवसाचा हिशेब मांडला की स्क्रीनच्या वाट्याला फारसं उरत नाही, असा त्याचा अर्थ मी घेतो.

घड्याळ मला खटकायला लागलंय.

८ जून

‘किती तास?’ हा रकाना भरला तरी त्यावर विश्वास किती ठेवायचा? जेनी रॅडेस्की आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये लहान मुलांच्या पालकांनी सांगितलेला वेळ आणि यंत्रात प्रत्यक्ष नोंदला गेलेला वेळ ताडून पाहिला. जेमतेम एक तृतीयांश पालकांचा अंदाज बरोबर निघाला. उरलेल्यांत कमी सांगणारे आणि जास्त सांगणारे साधारण सारखेच. म्हणजे सगळे लपवत होते असंही नाही, खरंच कळत नाही. दहा मिनिटं इथे, पाच मिनिटं तिथे, मोबाइल एका हातातून दुसऱ्या हातात. हिशेब कोण ठेवणार?

मांडणीवाला म्हणतो, घड्याळ डोळ्यात भरतं. भरतं खरं, पण चुकीचा प्रश्न डोळ्यात भरून काय उपयोग? वाद उद्यावर.

११ जून: झोपेचं पान

सगळ्यात भक्कम जमीन इथे आहे असं वाटतं, म्हणून सुरुवात इथून.

प्रौढांवरचा प्रयोग बहुतेकांना माहीत असतो: १२ तरुणांनी झोपण्याआधी काही संध्याकाळी चमकत्या पडद्याच्या ई-रीडरवर वाचलं आणि काही संध्याकाळी छापील पुस्तक. ई-रीडरनंतरच्या दुसऱ्या संध्याकाळी मेलाटोनिन, म्हणजे झोपेची वेळ झाली हे शरीराला सांगणारं संप्रेरक, साधारण दीड तास उशिरा वाढलं आणि ई-रीडरच्या रात्री झोप लागायला सरासरी दहा मिनिटं जास्त गेली. दहा मिनिटं म्हणजे काही आभाळ कोसळलं नाही.

लहान मुलांचं चित्र मात्र वेगळं आहे. त्यांची बाहुली मोठी आणि डोळ्यातलं भिंग स्वच्छ, त्यामुळे आत उजेड जास्त जातो. कोलोरॅडो विद्यापीठात तीन ते पाच वर्षांच्या मुलांना झोपेआधी तासभर आतून उजेड येणाऱ्या टेबलावर खेळायला बसवलं. मेलाटोनिन जवळजवळ ८८ टक्क्यांनी खाली आलं. हा २०१८ चा अभ्यास. तो उजेड १,००० लक्सचा (लक्स हे उजेड मोजायचं एकक), टॅबलेटच्या कितीतरी पट. तेवढ्यावरून टॅबलेटला फासावर चढवता येत नाही. पण त्याच गटानं २०२२ मध्ये ३६ मुलांवर उजेड कमी-जास्त करून पाहिला, तेव्हा ५ ते ४० लक्स इतक्या मंद उजेडातही सरासरी ७८ टक्के घट दिसली. आणि उजेड गेल्यावर ५० मिनिटांनीही निम्म्याहून अधिक मुलांत पातळी पूर्ववत झालेली नव्हती.

यातून पत्रकात दोन वाक्यं. पहिलं: झोपेआधी तासभर पडदे बंद. दुसरं, जे कुठल्याच पत्रकात दिसत नाही: त्याच वेळी खोलीतला लख्ख दिवाही मालवा. टॅबलेट काढून घ्यायचा आणि डोक्यावरची ट्यूब तशीच जळत ठेवायची, म्हणजे निम्मंच काम झालं.

चित्रकारानं विचारलं, पडदा पिवळा करणारी सोय किंवा निळा प्रकाश अडवणारे चष्मे चालतील का? चष्म्यांबद्दल कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनांचे आढावे घेणाऱ्या संस्थेचा २०२३ चा आढावा आहे: डोळ्यांचा ताण कमी होतो असं त्यात आढळलं नाही. पिवळ्या पडद्याचं म्हणाल, तर रंग बदलला म्हणून उजेड जात नाही, आणि गोष्टीतली पाठलागाची धावपळही थांबत नाही. पोर त्या धावपळीनंही जागं राहतं. दोन्ही पत्रकात नकोत.

१५ जून: डोळ्यांचं पान

इथे जुन्या पत्रकात ‘मोबाइलमुळे चष्मा लागतो’ असं ठोकून दिलं होतं. अर्धंमुर्धं आहे ते.

जवळचं काम, मग ते पुस्तक असो वा पडदा, लघुदृष्टीशी, म्हणजे लांबचं अंधुक दिसण्याशी, जोडलेलं दिसतं. पण सगळ्यात ठोस पुरावा उलट्या बाजूनं येतो, बाहेरच्या उजेडाच्या बाजूनं. २००८ मध्ये सिडनी आणि सिंगापूरमधल्या चिनी वंशाच्या सहा-सात वर्षांच्या मुलांची तुलना झाली. सिंगापूरमध्ये लघुदृष्टी २९.१ टक्के, सिडनीत ३.३. सिडनीतली मुलं वाचत उलट जास्त होती. फरक बाहेर घालवलेल्या वेळात होता: आठवड्याला सुमारे १४ तास विरुद्ध ३ तास. मग ग्वांगझूमध्ये १२ शाळांतल्या पहिलीच्या मुलांवर रीतसर प्रयोग झाला. निम्म्या शाळांत रोज ४० मिनिटांची बाहेरची एक तासिका वाढवली. तीन वर्षांनी नव्यानं लघुदृष्टी आलेली मुलं ३०.४ टक्के, नेहमीच्या शाळांत ३९.५.

कारण बहुधा असं: लख्ख उजेडात डोळ्याच्या आतल्या पडद्यात डोपामिन नावाचं रसायन सुटतं आणि त्यामुळे नेत्रगोल लांबट होण्याला लगाम बसतो. घरात दिवे लावूनही काहीशे लक्स. बाहेर झाडाच्या सावलीतही त्याच्या कितीतरी पट. त्यामुळे ‘उन्हात पाठवा’ असं लिहायचं नाही. ‘बाहेर पाठवा, सावली चालेल’ असं लिहायचं.

महासाथीच्या काळात मुलं घरात अडकली तेव्हाचा चीनमधल्या फेचंगचा आकडा: सहा वर्षांच्या मुलांत २०२० मध्ये २१.५ टक्के लघुदृष्टी, त्याआधीच्या पाच वर्षांत ती ५.७ च्या वर गेली नव्हती. हे पडद्यानं झालं की बाहेर जाणं बंद झाल्यानं, याची फोड त्या आकड्यात होत नाही. पालकाला तशी फोड करायची गरजही नाही. मूल एका वेळी एकाच ठिकाणी असतं.

पापण्यांचं एक बारीक वाक्य घेतलं: एरवी आपण मिनिटाला पंधराएक वेळा पापणी लववतो, पडद्यापुढे पाच-सातवर येतो. कोरडे, चुरचुरणारे डोळे त्याचेच. मूल डोळे चोळतंय म्हणजे चष्मा लागलाच असं नाही. पण लांबचं बघताना डोळे बारीक करत असेल, तर तपासून घ्या.

१९ जून: बोलण्याचं पान

ओळखीच्या एका घरानं परवानगीनं दिलेलं चित्रण पाहिलं. दीड वर्षाची मुलगी, लाकडी ठोकळे, मागे टीव्ही सुरू. कार्यक्रम मोठ्यांचा, तिच्यासाठी नाहीच. ती एक ठोकळा ठेवते, दुसरा उचलते, टीव्हीवर टाळ्या वाजतात, मान वर. हातातला ठोकळा हवेतच. दोन क्षणांनी परत खाली बघते, पण आता आपण काय करत होतो ते तिच्या ध्यानात नाही. ठोकळा बाजूला टाकून चमचा उचलते. थोड्या वेळानं ती आईला ठोकळा दाखवून “बा!” म्हणते. आईची नजर टीव्हीवर, तोंडानं “हं”. पुढे काहीच नाही.

टीव्ही त्या मुलीनं बघितला किती? सगळं जोडलं तर फार नाही. ‘किती तास?’ या रकान्यात शून्य लिहिलं तरी खोटं ठरणार नाही.

पार्श्वभूमीला टीव्ही असला की एक ते तीन वर्षांच्या मुलांच्या खेळाचे तुकडे पडतात, हे २००८ च्या एका अभ्यासात दिसलंय. २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या २२० कुटुंबांत मुलांच्या अंगावर आवाज नोंदवणारं यंत्र लावून मोजमाप झालं: तिसऱ्या वर्षी स्क्रीनच्या प्रत्येक वाढीव मिनिटामागे मोठ्यांचे सहा-सात शब्द कमी, मुलाचे जवळपास पाच उच्चार कमी आणि एक देवाणघेवाण कमी.

पॅट्रिशिया कूल यांचा २००३ चा प्रयोग मला पहिल्यापासून आवडतो. नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना मँडरिन ऐकवली. समोर बसून खेळणाऱ्या, पुस्तक वाचून दाखवणाऱ्या माणसाकडून ऐकलेल्या बाळांना त्या भाषेतले आवाज वेगळे ओळखता आले. तेच डीव्हीडीवर ऐकलेल्यांना नाही. भाषा तीच, माणसं तीच. बाळानं पाहिलं की उलट पाहणारं कुणी नव्हतं.

पत्रकातलं वाक्य: कुणी बघत नसेल तर टीव्ही बंद. एवढंच. हे आजच्या आज, कुणाशीही न भांडता करता येतं.

२४ जून: बंद करण्याचं पान

हे पान मूळ आराखड्यात नव्हतं. पण घरातली खरी लढाई इथेच होते. पडदा चालू असताना घर शांत असतं. भोकाड बंद करताना पसरतं.

वॉशिंग्टन विद्यापीठात ॲलेक्सिस हिनिकर आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये एक ते पाच वर्षांच्या मुलांच्या घरी डायरी ठेवून हा क्षण तपासला. निघालं असं की ‘अजून दोनच मिनिटं हं’ ही आगाऊ सूचना, जी प्रत्येक शहाणा सल्ला देणारा देतो, तिनं काम सोपं होत नव्हतं, उलट बिघडत होतं. तोडणं सोपं जात होतं ते भाग आपसूक संपला, बॅटरी संपली, किंवा रोजच्या क्रमातलं पुढचं काम आलं तेव्हा.

मला यात नवल वाटत नाही. तीन वर्षांच्या मुलाला दोन मिनिटं म्हणजे काय ते कळत नाही. त्याला ‘दोन मिनिटं’ म्हणजे भांडणाची वर्दी. आणि गोष्टीच्या ऐन मध्यावर हात घातला तर मोठा माणूसही चिडतो.

आणि भाग संपावा तर तो संपतो कुठे? शेवट आला की पडद्याच्या कोपऱ्यात आकडे उलटे मोजू लागतात आणि पुढचा भाग चालू. ज्या जागी आई-बाबांना अलगद शिरता आलं असतं, ती जागाच बुजवलेली. तिथे बोट पालकांचं आधी पोचायला हवं. म्हणून पत्रकात: आपोआप पुढचं सुरू होण्याची सोय सेटिंगमध्ये जाऊन बंद करा, आणि सुरू करतानाच मुलाबरोबर ठरवा, ‘हत्तीची एक गोष्ट, मग अंघोळ’. मिनिटांत सांगू नका, गोष्टीत सांगा.

या पानावर आणखी एक ओळ, जपून लिहिलेली: मूल रडलं की गप्प करायला दर वेळी मोबाइल नको. तीन ते पाच वर्षांच्या मुलांच्या २०२३ च्या एका अभ्यासात ही सवय आणि पुढच्या काही महिन्यांत वाढलेली चिडचिड यांचा संबंध दिसला, मुलग्यांत अधिक. कधीमधी, सुई टोचताना वगैरे, द्यायला हरकत नाही. ही सूट डॉक्टरांनी स्वतः लिहून दिली.

२८ जून

मसुदा काही पालकांना आणि आजी-आजोबांना वाचायला दिला. वाचून झाल्यावर आलेले प्रश्न:

“नातीशी रोज व्हिडिओ कॉल करते मी. तोही मोजायचा का?” नाही, आजी. पलीकडचा माणूस उलट बोलतो, हाक मारतो, थांबतो. २०१४ च्या एका अभ्यासात दोन-अडीच वर्षांच्या मुलांनी व्हिडिओ कॉलवरून नवी क्रियापदं समोरासमोर शिकावी तशीच उचलली, ध्वनिचित्रफितीवरून नाही. हे पत्रकात ठळक अक्षरांत घालायचं.

“शाळेचा अभ्यासच टॅबलेटवर असतो, त्याचं काय?” मोजत बसू नका. झोप आणि बाहेर जाणं शाबूत आहे का, ते बघा.

“मी स्वयंपाक करते तेवढा वेळ तरी लावून द्यावाच लागतो. मग आम्ही वाईट आई-बाप का?” याचं उत्तर पत्रकाच्या सुरातच हवं. ज्या वाक्यांची सुरुवात ‘पालकांनी’नं होत होती, ती सगळी बदलली.

एका आजोबांनी कागद घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाले, “मुलाचं ठीक आहे. त्याच्या बापासाठी पत्रक कधी काढताय?” सगळे हसले, पण मुद्दा रास्त. २०१४ मध्ये रॅडेस्की यांच्या गटानं उपाहारगृहांत मुलांसोबत जेवणाऱ्या ५५ मोठ्यांचं निरीक्षण केलं होतं. ४० जणांनी जेवताना फोन वापरला, काही तर त्यात पूर्ण बुडालेले. बोलण्याच्या पानावर एक ओळ वाढवली: जेवताना सगळ्यांचे फोन बाजूला, मोठ्यांचेही.

२ जुलै

डॉक्टरांकडून मसुदा लाल होऊन आला.

‘स्क्रीनमुळे बोलायला उशीर होतो’ हे वाक्य सरळ खोडलंय. संबंध दिसतो, नाकारत नाहीत त्या. कॅनडातल्या २,४४१ मायलेकरांच्या २०१९ च्या अभ्यासात दोन-तीन वर्षांच्या वयातली जास्त स्क्रीन आधी आणि विकासाच्या चाचणीतले कमी गुण नंतर, असा क्रमही दिसला होता. पण परिणाम मोठा नाही, आणि एकट्या मुलाबद्दल त्यावरून काहीच सांगता येत नाही. त्यांची खरी काळजी वेगळी आहे. “बोलत नाही म्हणून मोबाइल बंद करून सहा महिने वाट बघतात आणि मग माझ्याकडे येतात. तेव्हा कळतं की कानात दोष होता.” म्हणून नवं वाक्य: मूल वयाच्या मानानं बोलत नसेल, हाकेला ओ देत नसेल, तर स्क्रीन कमी करा, पण श्रवणचाचणी आणि तपासणीला थांबू नका.

‘व्हर्च्युअल ऑटिझम’ (स्क्रीनमुळे येते असं म्हटली जाणारी स्वमग्नता) हा फिरता शब्दही उडवला. असं कुठलंही निदान डीएसएम-५ या मानसिक विकारांच्या अमेरिकी निदानपुस्तिकेत नाही, आयसीडी-११ या जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीतही नाही. स्वमग्नता असलेल्या मुलाच्या आईला ‘तूच मोबाइल दिलास’ म्हणून डागणी देण्यापलीकडे तो शब्द काही करत नाही, हे त्यांचं मत. माझंही.

उलट बाजूनं मीच एक आकडा घातला होता, तोही गेला. ऑक्सफर्डच्या दोघा संशोधकांनी २०१९ मध्ये साडेतीन लाखांहून अधिक किशोरवयीनांची माहिती तपासली. त्यांच्या मनःस्वास्थ्यातल्या फरकापैकी जास्तीत जास्त ०.४ टक्के फरक तंत्रज्ञानाच्या वापराशी जुळत होता. घाबरवणाऱ्यांना चपराक म्हणून मला तो हवा होता. डॉक्टर म्हणाल्या, किशोरांचा आकडा बालवाडीच्या पत्रकात कशाला? शिवाय सगळ्यांची सरासरी काढली की रात्री दोन वाजेपर्यंत जागणारं एखादं पोर त्यात विरघळून जातं. पटलं.

६ जुलै

मांडणीवाल्याशी शेवटची झटापट. घड्याळ गेलं. त्याच्या जागी २४ तासांची आडवी पट्टी आली आणि आता ती त्यालाच जास्त आवडलीय. तीन-चार वर्षांच्या मुलाची पट्टी: आधी झोपेचे चौकोन रंगवायचे, मग बाहेरचे आणि धावपळीचे, मग जेवण-अंघोळ, मग माणसांबरोबरचं बोलणं-खेळणं. उरतील त्यात स्क्रीन. पालकानं स्वतः पेन्सिलीनं रंगवायची, म्हणून कागद गुळगुळीत नको, पेन्सिल उठेल असा हवा.

आकडा पूर्ण काढावा असं मांडणीवाल्याचं म्हणणं होतं. मी अडून बसलो. दोन वर्षांखाली व्हिडिओ कॉल सोडून काही नाही, आणि पाचपर्यंत तासाभराच्या आत, हे दोन राहतील. इतक्या लहान मुलांच्या घरात ‘समतोल साधा’ म्हणणं म्हणजे काहीच न सांगणं. पाचच्या पुढे आकडा नाही, फक्त पट्टी.

९ जुलै

प्रूफ आलं. पहिल्या पानावर आता चित्रकारानं काढलेली ती ठोकळेवाली मुलगी: ठोकळा हवेत, मान वर, पण पडदा चित्रात नाही. लोक कशाकडे बघतेय म्हणून पान उलटतील, असा चित्रकाराचा होरा.

तिसऱ्या पानावर अक्षरं फार लहान आलीत. आजी-आजोबांना वाचता येणार नाहीत. पापण्यांचं वाक्य कापून जागा काढायची, तपासणीचं वाक्य ठेवायचं. सेटिंगची चित्रं टाकली नाहीत, कारण ती दर काही महिन्यांनी बदलतात, शब्दांत सांगितलंय.

नऊ वर्षांपुढच्या पत्रकाची मागणी आत्ताच आलीय. ते याला शेपूट जोडून होणार नाही. तिथे गेमिंग येतं, आयसीडी-११ मधला गेमिंग विकार येतो, त्याची बारा महिन्यांची कसोटी येते, समाजमाध्यमं येतात. आणि त्या वयाची मुलं स्वतः वाचतात, त्यामुळे पहिली बैठक पालकांची न घेता मुलांचीच घ्यावी असं सुचवलंय. डॉक्टर तयार आहेत. मांडणीवाला पुन्हा घड्याळ काढून बसलाय.